तिसऱ्या घडीतले काज

मंगळवार, ३ डिसेंबर २०२४. लातूर.

आज सकाळी साडेनऊला लातूरला उतरलो आणि सव्वादहाला कामावर हजर झालो. नवी वही, नवे पेन, नवे गाव. गावाकडे, लोह्यात, मला ओळखणारे लोक फार झाले होते आणि त्यांतले बहुतेक मला बारावीच्या निकालावरूनच ओळखत. इथे कोणी ओळखत नाही. या शहराचे हे पहिले सुख.

दुकान गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आहे. दहा फूट रुंद, पण आत खोल. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर दुरुस्तीला आलेल्या एकवीस पेट्या, म्हणजे हार्मोनियम. मी मोजल्या. मालकांना विचारले तर म्हणाले, असतील की ईस-पंचवीस. मालकांचे नाव महादेवप्पा. वय साठीच्या पुढे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हाताला सरसाचा वास. बाहेरच्या पाटीवर ‘पेटी दूरुस्ती’ असे आहे. पहिला उकार दीर्घ. मी अदबीने ते दाखवले. ते म्हणाले, अठ्ठावीस साल झाले मास्तर, त्या कारनानं एकबी पेटी माघारी गेली न्हाई. मग चहावाल्याला ओरडून सांगितले की दुकानात मास्तर आलेत, मास्तरला एक कट पाठव. तेव्हापासून अख्ख्या गल्लीचा मी मास्तर.

सोडून दिले. माणूस अडाणी आहे, पण हात चांगला आहे. वर्षभरात तो हात मी शिकून घेणार. मग नांदेडला माझे स्वतःचे दुकान, शुद्ध पाटीचे.

लहानपणी मला दमा होता. तोंडात मारायचा पंप सुटून आठ वर्षे झाली. इथली हवा कोरडी आहे, मानवेल असे वाटते.

शुक्रवार, ६ डिसेंबर.

इथल्या कामात शास्त्र कमी आणि वहीम जास्त. दुकान बंद करताना अप्पा प्रत्येक पेटीचा भाता एक बोट उघडा ठेवतात. त्यातून धूळ जाते, किडा जातो. काल मी सगळे भाते नीट दाबून कड्या लावून गेलो. आज सकाळी अप्पांनी एकेक कडी काढली आणि म्हणाले, दम कोंडून निजत असतंय का कुनी? मी म्हटले, अप्पा, ही लाकडाची पेटी आहे. ते म्हणाले, हाव ना, मग तुझ्या बापाचं काय गेलं एक बोट उघडी ठिवायला?



दुपारी चाकूरहून एक म्हातारी आली होती. शांतम्मा नाव. तिने पिशवीतून एक फोटो काढला. फोटोत तिचा नवरा, शिवप्पा, मांडीवर एक सहा कोनांची लहान पेटी घेऊन बसला होता. दोन्ही हातांना पट्टे, मध्ये घड्यांचा भाता, कडेला बटणे. तिचे म्हणणे, ही पेटी वाजवणारा कोणी असेल तर त्याने न्यावी. अप्पा फोटोकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हिची बोटं आपल्याला येत न्हाईत, अम्मा. झाले. अठ्ठावीस वर्षे पेट्यांत घालवून या माणसाला तिचे नावसुद्धा माहीत नाही.

मला माहीत आहे. मी मोबाइलवर शोधले. कॉन्सर्टिना. दुरुस्त केलेल्या जुन्या नगाला शौकीन लोक काय देतात तेही पाहिले. शांतम्माचा पत्ता मी गल्लीच्या टोकापर्यंत मागे जाऊन लिहून घेतला. अप्पांना सांगितले नाही.

सोमवार, ९ डिसेंबर.

सोमवारी दुकान बंद असते. चाकूरला जाऊन आलो. कॉन्सर्टिना माझी झाली.

शांतम्माचे घर पत्र्याचे, स्वच्छ सारवलेले. पेटी देवळीत ठेवलेली, खाली धुतलेला टॉवेल. तिच्या सासऱ्याला ती पूर्णा जंक्शनच्या एका गोऱ्या गार्डने नोकरी सोडून जाताना दिली होती. सासऱ्यानंतर शिवप्पा वाजवायचा. म्हातारीने मला धाकट्या भावासारखे तम्मा, तम्मा करत चहा पाजला आणि दीड तास बोलली. इथे थोडक्यात लिहितो, कारण अज्ञान किती खोल असू शकते याचा हा नमुना आहे.

त्यांच्या घरातली चाल अशी. माणूस जायला लागला की पेटी त्याच्या तोंडाजवळ धरायची आणि हळूहळू उघडायची, म्हणजे शेवटचा श्वास पेटीत येतो. मग गेलेल्याला बसवून त्याच्यापुढे भजन होते, तेव्हा रात्रभर हीच पेटी वाजवायची. भात्याच्या तिसऱ्या घडीत एक भोक आहे, सासऱ्याने मुद्दाम पाडलेले. वाजवता वाजवता तो श्वास त्या भोकातून निघून जातो आणि समाधी देईपर्यंत पेटी रिकामी होते. शिवप्पा गेला तो कोरोनाच्या बंदीच्या साली. शांतम्माने पेटी तोंडाशी धरली, उघडली. पण भजन करायला कोण येणार होते? चार माणसांनी उचलले आणि नेले. वाजवणारा तोच होता. तेव्हापासून, म्हातारी म्हणते, त्यो अजून आत हाय. सकाळी कान लावला की त्या भोकातून ऐकू येतो. दोन तोकडे, एक लांब. चाळीस साल बाजूला निजले मी, मला वळखू येत न्हाई व्हय?

तिच्या अटी दोन. रोज थोडी वाजवायची आणि ते भोक बुजवायचे नाही. बुजवले तर, तिची सासू सांगायची, आतला श्वास बुजवणाऱ्याच्या नाकाने ये-जा करतो.

मी गंभीर चेहरा ठेवला. मी लोह्याच्या भजनी मंडळात वाजवतो असे सांगितले. मला एक ओळही वाजवता येत नाही. तिने अकराशे मागितले, कारण फुकट दिलेली वस्तू घरात टिकत नाही म्हणे. मी भाता फुटका आहे, फुटका आहे असे तीनदा म्हणून सातशेत आणली. तिने वर उसाची दोन कांडी दिली आणि पेटीच्या कडेवरून हात फिरवला. मी बस सुटेल म्हणून पिशवी ओढून घेतली.

शनिवार, १४ डिसेंबर.

अप्पा जेवून लवंडले की दीड ते तीन मला मोकळे मिळतात. कोपऱ्यातल्या टेबलावर काम चालू आहे. अप्पांनी पेटी पाहिली आहे.

दोन्ही बाजूंच्या चकत्यांचे सहा-सहा स्क्रू काढून, कोणता कुठला ते कागदावर मांडले. आत सुंदर आहे. सूर देणाऱ्या पितळेच्या रीड चाकाच्या आऱ्यांसारख्या बसवलेल्या. एकच बटण ओढताना एक सूर देते, दाबताना दुसरा. चार रीड गंजलेल्या, अकरा बटणांखालच्या गाद्या गेलेल्या, भात्याला सहा ठिकाणी चीर. पाच चिरा वापराने पडलेल्या आहेत.

सहावी म्हणजे ते भोक. तिसऱ्या घडीच्या कोनात, ज्वारीच्या दाण्याएवढे. कडेने रेशमी दोऱ्याने सदऱ्याच्या काजासारखे टाके घातले आहेत, एकाला एक लागून. चामडे फाटू नये म्हणून. म्हणजे या लोकांनी गळती दुरुस्त केली नाही, गळतीला झालर लावली! भिंगातून टाके मोजले. चौतीस. काम निर्दोष आहे, हे मान्य करावे लागेल. हाच हात यांनी अक्कल वापरून चालवला असता तर.

नांदेडचा विनोद म्हणून एक आहे. जुने कॅमेरे, ग्रामोफोन घेऊन शौकिनांना विकतो. त्याला फोटो पाठवले. शुक्रवारी २७ तारखेला तो लातूरला येणार आहे. भाव त्याने सांगितला तो ऐकून मी दोनदा विचारून घेतला. अट एकच, भाता हवाबंद पाहिजे. तेवढा व्यवहार झाला की नांदेडच्या दुकानाची पागडी हातात.

सोमवार, १६ डिसेंबर.

सुट्टी असूनही किल्ली घेऊन आलो. शांत काम झाले. मेंढीचे पातळ कातडे कडेने छिलून कागदासारखे केले, पाच चिरा बंद केल्या. काज शेवटी ठेवले होते.

टाके उसवावे लागले, नाहीतर ठिगळ सपाट बसले नसते. दोरा काढला तेव्हा भोकातून गरम हवा बोटाला लागली. भाता त्या वेळी बंद होता आणि मी दाबत नव्हतो. उन्हाने तापला असणार, खिडकी तिकडेच आहे.

आतून एक, बाहेरून एक, अशी दोन ठिगळे. सरस लावून वजन ठेवले. पाहणाऱ्याला जागा सापडणार नाही.

बुधवार, १८ डिसेंबर.

भात्याची परीक्षा अशी असते. एक बाजू हातात धरायची, दुसरी खाली सोडायची, कोणतेही बटण दाबायचे नाही. हवा गळत असेल तर भाता धपकन उघडतो. आणली तेव्हा चार सेकंदांत उघडला होता. आज एकेचाळीस सेकंद लागले. नव्या वाद्यालाही एवढे जमत नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. भाता उघडत होता तेवढा वेळ मी श्वास आत घेत होतो. एकच श्वास. एकेचाळीस सेकंद. माझ्या छातीत एवढी जागा आहे हे मला माहीत नव्हते. भाता तळाला टेकला तेव्हा तो थांबला.

एकाग्रतेने असे होते. पोहणाऱ्यांना, बासरीवाल्यांना होते. उगाच लिहिले.

शनिवार, २१ डिसेंबर.

काल दुकान बंद करताना कॉन्सर्टिना पूर्ण दाबली आणि नवा चामडी पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. तिथे श्वास आत येईना. बाहेर जात होता, आत येत नव्हता. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. डोळ्यांपुढे काळे ठिपके. लोक बघत होते. एकजण म्हणाला, उचकी लागली वाटतं मास्तरला. मग एकदम हवा आत आली, दार उघडावे तशी.

परत गेलो तर अप्पा अजून दुकानात होते. त्यांनी नुकताच माझा पट्टा सैल करून पेटी एक बोट उघडी ठेवली होती.

आज त्यांनी पेटी उजेडात धरली आणि जिथे कोणाला ठिगळ सापडू नये तिथे बरोबर अंगठा ठेवला. म्हणाले, हितं काज व्हतं. फोटूत दिसत व्हतं. बुजवायच्या आधी इचारलं व्हतंस का कुनाला? मी म्हटले, गळती होती. ते म्हणाले, दाराला तू गळती म्हनतूस. मग टेबलावरची पातळ सुरी माझ्याकडे सरकवली. काढ, आत्ता काढ, एका मिनिटाचं काम हाय.

आठवड्याचे काम एका भस्मवाल्याच्या सांगण्यावरून फाडायचे! मी सुरी उचलून जागेवर ठेवली. त्यांनी पेटी दुकानात ठेवायची नाही म्हणून सांगितले. खोलीवर आणली आहे. पट्टा न लावता. फक्त नवा पट्टा ताणला जाऊ नये म्हणून.

मंगळवार, २४ डिसेंबर.

डॉक्टरकडे जाऊन आलो. छातीचा फोटो काढला. स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, हवा आत भरपूर आहे, तुम्ही ती पूर्ण बाहेर सोडत नाही. जुना दमा असेल. नवा पंप लिहून दिला. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि विचारले, तुम्ही हे मुद्दाम करता का? मी विचारले, काय? म्हणाले, दोनदा तोकडा घेता आणि तिसऱ्यांदा लांब. पुन्हा तसेच. गाणारे करतात तसे.

मी गात नाही.

मनावर परिणाम होतो म्हणतात तो हाच. म्हातारीने दीड तास कानात ओतले, ते छातीत उतरले. इलाज सोपा आहे. वस्तू गेली की वहीम गेला. तीन दिवस राहिले.

शुक्रवार, २७ डिसेंबर.

गेली.

विनोद अकराला खोलीवर आला. गॉगल केसांत, तोंडात गुटखा. त्याने पेटी हातात धरून भाता सोडला आणि मोबाइलवर सेकंद मोजले. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. त्रेचाळीस. मान हलवत म्हणाला, भागवतराव, हवाबंद म्हंजे हवाबंद, मानलं.

मी बरोबर एक सूचनापत्र दिले. स्वच्छ अक्षरात, अकरा कलमे. ऊन, ओल, वाळवी, सगळे. त्याने मोठ्याने वाचले आणि हसत राहिला. कलम नऊ त्याला फार आवडले. ‘प्रवासात भाता संपूर्ण दाबून पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळावा, अन्यथा घड्या खराब होतात.’ म्हणाला, पेटी विकून राहिला की पोरगी नांदायला पाठवून राहिला? तरी घडी करून खिशात ठेवले. मांडीवर घेऊन खेळवत गाडीत बसला.

पैसे मिळाले. अप्पांना सोमवारनंतर सांगेन. त्या पाटीखाली आणखी एक महिनासुद्धा नाही.

शनिवार, २८ डिसेंबर.

बारा वाजून दहा मिनिटांनी गिऱ्हाइकाशी बोलत असताना धाप लागली. पळून आल्यासारखी. बारा पंचवीसला थांबली. पाचला पुन्हा. पंप मारला, उपयोग नाही.

विनोदला सहज फोन केला. सहज विचारले. म्हणाला, हाव, वाजवून राहिलो ना, दुपारी दोस्त आले होते, सूर काय लागत न्हाई पण मजा येते.

किती वाजता, ते विचारले. त्याने सांगितले.

सोमवार, ३० डिसेंबर. वेळ अमावस्या.

आज लातूर ओस. सगळे शहर शेतात जेवायला गेले होते. शांतम्माचा परवा फोन आला होता की तम्मा, शेतात ये, तुझ्याबिगर कोन हाय पेटीवाला. जाणार नव्हतो. गेलो. का गेलो ते लिहीत नाही.

कडब्याची कोप, त्यावर शाल, आत पाच दगडांचे पांडव चुन्याने रंगवलेले. तिने सगळ्या भाज्यांची भज्जी वाढली, बाजरीचे उंडे, मडक्यातले आंबील. तिची सून अंबिका आणि दोन शेजारणी होत्या. मला पाव्हणा म्हणून घोंगडीवर बसवले. शांतम्माने पहिले तेच विचारले. काज हाय ना तसंच? मी म्हटले, आहे. वाजवतूस? रोज. ती आभाळाकडे बघून हसली. म्हणाली, मग आता निम्मा गेला असंल. म्हनून मला झोप लागून राहिली.

मी दुसरा घास घेतला आणि नांदेडमध्ये विनोदने भाता ओढला.

आत. बाहेर. आत. घास तोंडातून पडला. कसली तरी लग्नातली चाल होती, मला कळत होती, माझ्या छातीतून कळत होती. अंबिका पाणी घेऊन धावली. एक शेजारीण म्हणाली, आंबील चढलं पाव्हण्याला. मग तिकडे त्याने ठेवली असावी. श्वास जागेवर आला. त्याचा तो. दोन तोकडे, एक लांब.

शांतम्मा माझ्या पाठीमागे आली होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने पदर डोक्यावर घेतला. नवऱ्यापुढे घ्यावा तसा.

म्हणाली, बुजवलंस.

मी नाही म्हटले. तिने पुन्हा विचारले, आता रडत होती. म्हणाली, तम्मा, मी रागावनार न्हाई, बुजवलं असंल तर सांग, उकलून टाकू, पेटी कुठं हाय? एक शब्द पुरला असता. पण त्या बायका बघत होत्या, आणि भज्जीचा हात पदराला पुसणाऱ्या त्या म्हातारीपुढे मी, भागवत, चुकलो म्हणायचे? मी म्हटले, अम्मा, पेटी माझ्या खोलीवर आहे आणि काज जसेच्या तसे आहे, मला जुना दमा आहे.

निघताना वाटेवर उभी राहून ती माझ्याकडे नाही, माझ्या छातीकडे बघत होती.

मंगळवार, ३१ डिसेंबर.

विनोदला फोन केला. पेटी परत पाहिजे म्हटले. पैसे परत देतो. तो म्हणाला, का, मोठं गिऱ्हाईक लागलं का? नाही म्हटले. वर आणखी देतो म्हटले, माझ्याजवळचे सगळे. तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. म्हणाला, मला येडं समजून राहिला व्हय? पेटी हैद्राबादच्या माणसाला दिलीय. परवा बाराला पार्सलवाला येऊन नेणार.

परवा. बाराला. पार्सल.

मी विचारले, बांधणार कशी? तो म्हणाला, तू लिहून दिलं तशी.

खरे सांगितले. सगळे. काज, शिवप्पा, श्वास. मी चांगल्या मराठीत, क्रमाने सांगितले. पलीकडे हसण्याचा आवाज, मग त्याने फोन कोणाला तरी ऐकायला दिला. दोघे हसले. मास्तर, असा कोणीतरी आवाज. त्याला ते नाव कसे कळले?

म्हटले, निदान तिसऱ्या घडीला सुई टोच. म्हणाला, हवाबंद माल फोडू? डोकं ठिकाणावर आहे का बारावी नापास?

तेही माहीत.

बुधवार, १ जानेवारी.

अप्पांना सांगितले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. पातळ सुरी कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातली. म्हणाले, उद्या पैल्या गाडीनं जा. पेटी हातात आली की बोलत बसू नको, उकल. मग म्हणाले, तूबी चांगला कारागीर झाला असतास. झाला असतास, असे.

आज त्याने दोनदाच वाजवली. मध्ये तासभर दाबून ठेवली असावी, सैल. वरवरचा श्वास. पायऱ्या चढता येत नाहीत.

गुरुवार, २ जानेवारी. बसमध्ये.

पहिली गाडी चुकली. जिन्यावर बसावे लागले. साडेआठची मिळाली. अक्षर हलते आहे. माफ —

चाकूर गेले. फाट्यावर एक म्हातारी उभी दिसली. ती नसावी.

अहमदपूर. १०.०५. त्याने सकाळपासून हात लावलेला नाही. एक बोट उघडी असेल. एवढे पुरते. एवढ्यावर माणूस जगतो.

१०.४०. माळेगाव. गाडी थांबली. यात्रा. घोडे, गाढवे, उंट, सगळा रस्ता भरला आहे. एक माणूस रस्त्यातच घोड्याचे दात बघून भाव करतो आहे. कंडक्टर म्हणतो, खंडोबाची इच्छा. या लोकांना —

नाही. या लोकांना काही म्हणायचे नाही.

११.१५. हललेली नाही. उतरून चालत? दहा पावले गेलो. जमत नाही. परत बसलो. शेजारची बाई वारा घालते आहे. बाळा, कुठं चालला? नांदेडला. कोन हाय तिथं?

काय सांगू.

११.२५. सुटली. ११.४०. लोहा. आमच्या घराची गल्ली दिसली. आईचे लुगडे वाळत होते. उतरलो नाही. सुरी खिशात आहे. वीस मैल.

११.५२. सोनखेड. फोन लावला. उचलत नाही. उचलत

उचलला. म्हटले, पोचतो आहे, अर्ध्या तासात, आवळू नको, पाया पडतो. म्हणाला, भागवतराव, काळजी नको, तुमचं एक न एक अक्षर पाळून राहिलो, कलम नऊ, हे बघा, दाबली. म्हटले, अम्मांना सांग मी बुजवले, चाकूरला, मीच बुज— म्हणाला, कोन अम्मा? पट्टा कितव्या भोकाला म्हनला होतात, शेवटच्या ना

बाहेर जातो आहे. आत —

बाई पाठीवर हात —

खिडकी उघडी आहे. वारा तोंडावर येतो. आत नाही.

एक तोकडा

एक तोकडा

एक लां